ताट वाजलं की थाप

"ताट वाजणार असेल तरच मी बोलेन," मी म्हटलं. "नाहीतर तुमचा हा माइक उचला आणि दुसरी म्हातारी शोधा."

प्रणोती हसली. मगदुमांची ही पोर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डोक्यावर हेडफोन असा चढवलेला, जणू मुंडावळ्याच. "आक्का, रेडिओवर ताट कशाला?"

"माझी गोष्ट संपली की तू ताटावर पळी मारायची. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की म्हातारीनं आत्ता सांगितली ती थाप होती. ताट वाजलं की थाप. नाही वाजलं तर खरं."

"अहो पण लोकांना कळतंच की. सासऱ्याच्या मिशीत चिमणीनं घरटं केलं, हे कोण खरं मानणार आहे?"

"मानतं कोणीतरी," मी म्हटलं.

बटणांच्या फळीमागे इरफान बसला होता. तो म्हणाला, "असू दे गं, आवाज मस्त येईल." आणि स्वतःच पळत जाऊन मेसमधून कप्प्यांचं जुनं स्टीलचं ताट आणि आमटीची पळी घेऊन आला. ती पळी मी ओळखली. दांड्याला माझ्याच हातची चिंधी होती.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. कॉलेजच्या हॉस्टेलची मेस मी सव्वीस वर्षं चालवली. हजारो पोरं माझ्या हातचं जेवून गेली आणि जेवताना माझ्या थापा ऐकून गेली. पुरात आमची म्हैस वाहून गेली ती आठ दिवसांनी परत आली, आणि धार काढायला बसले तर चरवीत मासे पडायला लागले. लग्नात एवढा फणस फोडला की अर्धं वऱ्हाड रात्री आतच झोपलं. पोरं म्हणायची, आक्का, खोटं बोलताना तुमची पापणी लवत नाही. नव्हतीच लवत. पोटभर जेवायला घालणाऱ्या बाईनं थोडं खोटं बोललं तर काय बिघडतं, असं तेव्हा मला वाटायचं.

लायब्ररीच्या मागं एक खोली होती, तिचं कुलूप अठरा वर्षं कुणी काढलं नव्हतं. पूर्वी तिथून कॉलेजचा रेडिओ चालायचा. कसला रेडिओ, एक माइक, एक टेपरेकॉर्डर आणि मेसच्या भिंतीवर एक कर्णा. मग तो बंद पडला. ती खोली ह्या नव्या पोरांनी उघडली. सरकारी परवाना आणला, गच्चीवर खांब उभा केला. भिंतींना आवाज शोषायला काही मिळेना, तर घरोघरच्या जुन्या वाकळा मागून आणून टांगल्या. आणि पहिल्याच दिवशी आवाजाची परीक्षा द्यायला साठ-सत्तर पोरं वऱ्हांड्यात रांगेत उभी. मला नवल वाटलं. इरफानला म्हटलं, "हातात एवढे भारी मोबाईल असताना तुम्हाला हे जुनं खोकं कशाला हवं?"

तो म्हणाला, "आक्का, मोबाईलवर आम्ही सगळ्यांचं ऐकतो. आमचं कोण ऐकतं?"

तर दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या थापा सुरू झाल्या. मी सांगायची, प्रणोती मध्ये मध्ये "मग?" म्हणायची, आणि शेवटी ताट. दोन महिन्यांत असं झालं की बाजारात कुणी काही वाढवून सांगायला लागलं की पोरं तोंडानं "ठण्ण" करायची. भाजीवाली म्हणाली, मेथी आजचीच आहे. मागून कोणीतरी, ठण्ण.

मला मजा वाटायची. खोटं कशाला सांगू.

*

सोमवार होता. मी नुसतीच गप्पा मारायला स्टुडिओत गेले, तर दारात शेवंताबाई उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेंगांची पिशवी. आठ किलोमीटर एसटीनं आल्या होत्या. मला बघून नव्हे, माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "आक्का हायसा न्हवं?"

शेवंताबाई दर दिवाळीला माझ्याकडे यायच्या. शेंगा द्यायच्या, घोटभर चहा घ्यायच्या आणि एकच गोष्ट परत परत ऐकून जायच्या. पण ही काही दिवाळी नव्हती.

प्रणोतीनं त्यांना खुर्ची दिली. "आजी, तुम्ही आमचा रेडिओ ऐकता?"

"दर गुरवारी. वैरण कापत कापत ऐकते. ते ताट वाजलं की एकटीच हसते." मग त्यांनी इरफानच्या दिशेनं मान वळवली. "बाळा, हे किती लांब जातंय?"

"बारा किलोमीटर, आजी."

"बस? मग पुण्या-मुंबैला न्हाई जात?"

"मोबाईलवरपण टाकतो आम्ही. तसं दुबईतसुद्धा ऐकता येतं."

शेवंताबाईंनी ते नीट मनात ठेवलं. मग म्हणाल्या, "माझा दिनकर ह्याच खोलीत बोलायचा. कॉलेजचा पहिला रेडिओ त्याचाच. कुठंबी असला तरी रेडिओ ऐकल्याबिगर ऱ्हायचा न्हाई तो. तवा म्हटलं, ह्याच्यावरनंच त्याला हाक मारावी."

पोरांना काही माहीत नव्हतं. शेवंताबाईंनीच सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी, श्रावणात, पोरगा हॉस्टेलमधून गेला. ना चिठ्ठी, ना भांडण. "ह्या आक्कांनी त्याला शेवटचं बघितलं. सोमवारी सकाळी, सांगलीच्या गाडीत. त्यांनी बघितलं म्हणून तरी बरं. न्हाईतर लोक म्हणत हुते नदी बघा, हीर बघा. मालकांनी फोटू घिऊन सांगली केली, मिरज केली, सोलापूर केलं. सा वर्सं हिंडले. त्यातच गेले."

प्रणोतीनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा सोलायला घेतल्या.

"आता डोळं गेल्यात माझं," शेवंताबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू. धाकटा म्हणतो, इचलकरंजीला चल, आप्रेशन करू, माझ्याकडंच ऱ्हा. पण घराला कुलूप कसं घालू? तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? आल्या पावली परत जाईल. डॉक्टर म्हणतो आणिक सा म्हैनं थांबलात तर काहीच करता यायचं न्हाई. ऱ्हाऊ दे. पर त्याच्याआधी एकदा आक्कांनी रेडिओवर सांगावं, कुठली गाडी, काय घातलं हुतं, काय बोलला. ऐकला तर उठून येईल."

"येत्या गुरुवारी सांगू या," प्रणोती म्हणाली. पोरगी हळवी झाली होती. "आक्का, सांगाल ना?"

"सांगते की," मी म्हटलं. माझ्या पुढ्यात टरफलांचा ढीग झाला होता आणि मी एकही दाणा तोंडात टाकला नव्हता.

*

बुधवारी दुपारी प्रणोती माझ्या घरी आली. बसली नाही. "आक्का, जरा स्टुडिओत चला."

"काय झालं?"

"चला तुम्ही."

खोलीत इरफान होता. टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर, त्यानं मामाच्या दुकानातून दुरुस्त करून आणलेला, आणि शेजारी धूळ पुसलेल्या कॅसेटी.

"उद्या दिनकरचा जुना आवाज लावावा म्हणून आम्ही कपाटातल्या कॅसेटी काढल्या," प्रणोती म्हणाली. "ही एक तिथल्याच टेपरेकॉर्डरच्या आत होती."

तिनं बटण दाबलं. आधी खरखर. मग तो बोलला. अठरा वर्षांत आवाजाला काही झालं नव्हतं.

"नमस्कार मंडळी. कॉलेज रेडिओवरून दिनकर बोलतोय, पण आज कॉलेजातून नाही. आज आपण काळडोहावर आहोत. मेसच्या हौसाक्का सांगतात, ह्या डोहाच्या तळाला बुडालेल्या देवळाची घंटा आहे. त्यांच्या आजोबांनी बुडी मारून ती वाजवली, तेव्हा आठ गावची गुरं दावी तोडून पळाली. आता तुम्ही म्हणाल, आक्का थापा मारतात. मीपण तेच म्हटलं. तर आक्कांनी चुलीवर हात ठेवून शपथ घेतली. म्हणून आज शोध. टेप दगडावर चालू ठेवतोय, मी बुडी मारतोय. घंटा वाजली तर सगळ्यात आधी आपल्या रेडिओवर. नाही वाजली, तर आक्कांच्या आमटीत रोज मीठ जास्त असतं हे आज रात्री कर्ण्यावरून जाहीर करू."

तो हसला. पाण्यात उडी मारल्याचा आवाज आला.

मग पाणी. नुसतं पाणी. मधेच एक टिटवी.

"पुढं असंच आहे," इरफान खालच्या आवाजात म्हणाला. "बाजू संपेपर्यंत."

त्यानं टेप बंद केला. प्रणोती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आक्का, तो डोहावरून परतच आला नाही. मग हा टेप कपाटात कुणी ठेवला?"

पोरगी सायन्सची होती. नेमकं बोट ठेवलं.

"मी," मी म्हटलं.

मग सांगितलं. त्या रविवारी पाऊस उघडला होता, नदी उतरली होती. दुपारी जेवून उठताना तो म्हणाला, आक्का, तुमची घंटा आणतो आज. मी म्हटलं, आण बाबा, मेसला टांगू. रात्री जेवायला आला नाही. पोरांना वाटलं गावी गेला. मला झोप लागली नाही. पहाट होता होता मी काळडोहावर गेले. रात्रीत धरणाचं पाणी सोडलेलं, नदी काठोकाठ. वरच्या दगडावर टेप तेवढा राहिला होता.

"मग तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"तो गुपचूप ह्या खोलीतल्या कपाटात ठेवून परत आले तर मेसच्या दारात रेक्टर उभे. म्हणाले, दिनकर दिसत नाही, तुम्ही बघितलात का? माझ्या तोंडातून निघालं, आत्ताच सांगलीच्या गाडीत बसला. मग हवालदार आला, त्यालाही तेच. मग चौथ्या दिवशी आई-बाप आले. शेवंताबाईंनी माझे हात धरले, म्हणाल्या, काही बोलला का हो? तर मी म्हटलं, बोलला. नाव काढूनच परत येतो म्हणाला. कढीला वरून फोडणी घालावी तसं घातलं ते वाक्य. बाईचं तोंड एवढं उजळलं."

"आणि नदीत कुणी शोधलंच नाही," इरफान म्हणाला.

"गाडीत बसलेल्याला नदीत कोण शोधेल?"

वाकळांमुळे त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो.

"म्हणून ताट होय," प्रणोती शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक होता. "ही कॅसेट आम्ही लावणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण उद्या तुम्ही गाडीची गोष्ट सांगितलीत तर ताट मी वाजवणार नाही, आणि वाजवू नका असंही म्हणणार नाही. पळी तुमच्या पुढ्यात ठेवते. तुमचं तुम्ही बघा."

*

गुरुवारी शेवंताबाई तीन वाजताच आल्या. नवं लुगडं नेसलेलं, केसांना तेल. लेकाला भेटायला निघाल्यासारख्या. त्यांना माझ्या शेजारी बसवलं. दोघींच्या मधे एकच माइक. माझ्या पायाशी माझी पिशवी होती, ती मी घरून निघताना तीनदा भरली आणि दोनदा रिकामी केली होती.

चार वाजले. लाल दिवा लागला. प्रणोतीनं दोन वाक्यांत सांगितलं कोण आलंय आणि कशासाठी. मग माझ्याकडे मान हलवली.

मी सुरू केलं. "श्रावणातला सोमवार. सकाळची सातची सांगलीची गाडी." जन्मभर सांगितलेली गोष्ट, ती आपोआप चालते. "दिनू खिडकीशी बसला होता. अंगात निळ्या रेघांचा पांढरा शर्ट. वरचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं. मांडीवर पिशवी." शेजारी शेवंताबाईंचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. अठरा दिवाळ्या ऐकलेलं, सगळं पाठ. "मी हाक मारली, कुठं रे निघालास? तर खिडकीतून मान काढून म्हणाला, आक्का..."

"नाव काढूनच परत येतो," शेवंताबाई माइकमध्ये म्हणाल्या. अगदी त्याच्यासारखं. आणि हसल्या.

गोष्ट संपली. तिथंच थांबले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पोरं गप्प राहिली असती. मी सत्तरीची, शेवंताबाई माझ्या मागं-पुढं. दोघी गेलो असतो आणि विषय मिटला असता.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. बुबुळावर दुधासारखी साय. मग पळी उचलली आणि ताटावर मारली.

एवढ्याशा खोलीत तो आवाज केवढा झाला. विरेपर्यंत कुणी हललं नाही.

शेवंताबाईंचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्याखालचा चेहरा बदलत गेला. "आक्का," त्या म्हणाल्या, "चुकून लागली का पळी?"

"नाही, शेवंताबाई."

"मग ताट का वाजवलंसा?"

"गाडी नव्हती. मी त्याला बघितलं नव्हतं."

त्या हळू, हिशोब चुकू नये म्हणून बोलावं तसं बोलल्या, "असं कसं? बटण मी काळ्या दोऱ्यानं लावलेलं. पांढरा दोरा संपलेला. ते मला न् त्यालाच ठावं. बघितलं न्हाई तर तुम्हास्नी कसं कळलं?"

मी खाली वाकले. पिशवीतून शर्ट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. टेप तेवढाच राहिला होता असं मी पोरांना सांगितलं होतं. ती माझी शेवटची थाप. दगडावर टेपच्या शेजारी शर्टही होता, नीट घडी घालून ठेवलेला, वर एक गोटा, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

शेवंताबाईंचा हात कापडावरून फिरला. कॉलर. मग वरचं बटण. अंगठ्यानं तो जाड दोरा चाचपला, परत चाचपला. मग शर्ट उचलून तोंडाशी नेला आणि खोल श्वास घेतला. परत घेतला.

"धुतलासा व्हय," त्या म्हणाल्या.

दरवर्षी धुवायची मी. उन्हात घालायची, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवायची. मला वाटायचं, मी जपतेय.

"व्हय," मी म्हटलं.

"धुवायचा न्हवता."

इरफाननं कधीच लाल दिवा विझवला होता. मागाहून कळलं, बारा किलोमीटरांत लोकांना वाटलं वीज गेली.

मग बाकीचं सांगितलं, डोहाचं, घंटेचं, चुलीवर ठेवलेल्या हाताचं. त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी ती घरी घेऊन गेले असते. त्यांनी फक्त विचारलं, "त्याचा आवाज हाय म्हणता?"

प्रणोतीनं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ जाऊन कॅसेट लावली.

दिनकर बोलला. आमटीच्या मिठाशी आला तेव्हा शेवंताबाईंच्या गळ्यातून काहीतरी निघालं, हसणं म्हणावं असं. मग उडी. मग पाणी. प्रणोती बंद करायला उठली तर त्यांनी हात वर केला. ऱ्हाऊ दे. आम्ही चौघं ते पाणी ऐकत बसलो. टिटवी झाली. परत पाणी. किती वेळ, कोण जाणे. कॅसेटची बाजू संपली आणि बटण आपोआप खट्कन वर आलं.

शेवंताबाईंनी शर्टाची घडी घातली. बोटांनी कडा जुळवल्या.

"सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "घंटा काय वाजली न्हाई."

आणि काठी शोधून उठल्या. इरफान त्यांना गाडीवरून घरी सोडायला गेला. मी उठले तर प्रणोती म्हणाली, "तुम्ही बसा, आक्का." त्यात माया होती की राग, मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात धाकट्या लेकानं त्यांना इचलकरंजीला नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला उशीर झाला होता. घराला कुलूप लागलं. जाण्याआधी त्यांनी काळडोहावर जाऊन नारळ सोडला, असं कानावर आलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवाळीला शेंगा आल्या नाहीत. नंतरही कधी नाहीत.

प्रणोती आता पुण्यात नोकरीला आहे. इरफानच्या खुर्चीवर त्याच्यामागून चौथा बसलाय. रेडिओ जोरात चालतो, आता तर वऱ्हांडाही पुरत नाही पोरांना. अधूनमधून कोणीतरी दार वाजवतं, आक्का, तुमच्या त्या थापा फार ऐकल्यात, एकदा या ना. जाते. सांगायची खोड काही मोडत नाही. चिमणी सांगते, म्हैस सांगते, फणस सांगते. डोह सांगत नाही.

ताट घेऊन पोरगी शेजारी बसली की मी तिच्या हातातून पळी काढून घेते. आणि आधी वाजवते. मग बोलायला तोंड उघडते.